वेंट मूळचा कुणाचा?

ज्यांनी पाचवीत पहिल्यांदा इंग्रजीला हात घातला, त्यांना क्रियापदांचा तो तक्ता आठवत असेल. तीन रकाने. 'वॉक, वॉक्ड, वॉक्ड', 'टॉक, टॉक्ड, टॉक्ड' असं सगळं शहाण्यासारखं चाललेलं असायचं आणि मधेच 'गो, वेंट, गॉन' यायचं. बाकीची वाकडी क्रियापदं निदान तोंडवळा राखून होती. 'सिंग'चं 'सँग' होतं, 'ड्रिंक'चं 'ड्रँक' होतं. एखादा स्वर इकडचा तिकडे होतो, पण घराणं ओळखू येतं. 'गो' आणि 'वेंट' यांच्यात मात्र एक अक्षर सामाईक नाही. मग हा 'वेंट' आला कुठून? हे वर्गात विचारायची सोय नव्हती. 'पाठ करा' हे एकच उत्तर होतं, आणि शिकवणाऱ्या गुरुजींनाही त्यांच्या गुरुजींनी तेच दिलेलं होतं.

उत्तर असं, की 'वेंट' हा 'गो'चा नाहीच. तो 'वेंड' नावाच्या निराळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'सेंड'चा 'सेंट', 'बेंड'चा 'बेंट', 'लेंड'चा 'लेंट', तसा 'वेंड'चा 'वेंट'. या ओळीत नेऊन उभा केला की तो एकदम सरळमार्गी दिसतो. 'वेंड'चा जुना अर्थ वळणं किंवा वळवणं. नदी वळणं घेत जाते त्याला इंग्रजीत 'वाइंड' म्हणतात, भटकण्याला 'वाँडर' म्हणतात. ही सगळी एकाच कुळातली मंडळी. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणवले, तेव्हा भाषांतर करण्यालाही त्याने हेच क्रियापद वापरलं. लॅटिनमधून इंग्रजीत वळवणं! पुढे वळण्यावरून निघणं आणि निघण्यावरून जाणं असा अर्थ सरकत गेला.

मग 'गो'ला स्वतःचा भूतकाळ नव्हता की काय? होता, पण तोही उसनाच. जुन्या इंग्रजीत जाण्याला 'गान' म्हणत आणि त्याचा भूतकाळ होता 'एओडे'. या दोघांचंही एकमेकांशी नातं नाही. म्हणजे या घरात मुळातच दत्तक चाललेला. पहिला दत्तक म्हातारा झाला तेव्हा शेजारच्या 'वेंड'चा मुलगा मांडीवर घेतला, एवढंच. पंधराव्या शतकाच्या सुमाराला हा विधी दक्षिण इंग्लंडात पूर्ण झाला. उत्तरेकडच्या स्कॉट मंडळींना असला परका वारस मानवला नसावा. त्यांनी आपल्या 'गो'ला, म्हणजे 'गे'ला, सरळ शेपूट जोडून 'गेड' केलं आणि आपलं घर आपल्यातच ठेवलं. बिचाऱ्या 'वेंड'चे मात्र हाल झाले. मुलगा गेल्यावर त्याला 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला आणि आज तो 'वाट वळवत जाणे' अशा एकाच वाक्प्रचाराच्या आधारावर दिवस काढतो आहे.

'एओडे'चं मधल्या काळातलं रूप तर मराठी माणसाने जपून ठेवावं असं आहे. त्याचं झालं होतं 'येडे'. तो घरी गेला, असं त्या काळचा इंग्रज लिहायचा तेव्हा तो घरी 'येडे' असं लिहायचा. त्यात आणखी गंमत अशी, की सोळाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड स्पेन्सर या कवीला आपल्या महाकाव्यात मुद्दाम जुना बाज आणायचा होता. तोवर 'येडे' बोलण्यातून गेलेलं होतं. स्पेन्सरने ते जुन्या पोथ्यांतून उचललं आणि मूळ क्रियापद समजून वापरलं. भूतकाळ इतका भूतकाळात जमा झाला होता, की कवीलाही तो भूतकाळ आहे हे कळलं नाही.

आता या कारभाराला हसण्याआधी आपलं घर तपासावं. मी जातो, तू जाशील, त्याने जावं, आम्ही जाऊ. आणि काल? काल मी गेलो. 'ज'चा 'ग' कधी झाला? मराठीत 'ज' आणि 'ग' यांची अशी अदलाबदल आणखी कुठे होते? भाजला, पूजला, वाजला, सजला. सगळीकडे 'ज' जागच्या जागी. इंग्रजीच्या तक्त्यावर डोकं आपटणाऱ्या मुलाच्या तोंडात घरच्या भाषेत तोच प्रकार आठ वर्षं चाललेला असतो आणि त्याला पत्ता नसतो.

'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूवरून. 'याति'चं प्राकृतात 'जाइ' झालं आणि त्यातून आपलं जातो-जाईन. 'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत'वरून. 'गत'मधला 'त' प्राकृतात गळाला, मागे 'ला' लागला. म्हणजे आपल्याकडेही वर्तमान एका घरचा आणि भूत दुसऱ्या घरचा. हिंदीत 'जाता' पण 'गया', गुजरातीत 'जाय' पण 'गयो', बंगालीतही तीच तऱ्हा. आणि 'येणे'? येतो, येईन, पण 'आला'. हा 'आला' म्हणजे 'आगत'. म्हणजे 'आला' आणि 'गेला' हे सख्खे भाऊ. एकाच्या मागे 'आ' उभा आहे, एवढाच फरक. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. ती व्याकरण शिकलेली नसतील, पण जाणं आणि येणं यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

यापुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत आवडते. इंग्रजीतलं 'कम', म्हणजे येणं, हे त्याच पुरातन मुळातून निघालं आहे ज्यातून आपला 'गम्' निघाला. ध्वनी बदलत बदलत तिकडे 'ग'चा 'क' झाला. तेव्हा आपला 'गेला' आणि त्यांचा 'कम' ही चुलत भावंडं. आपण ज्याला गेला म्हणतो, त्याला ते ये म्हणतात! दुर्गम, संगम, आगमन, एवढंच काय, सतत चालू असतं म्हणून ज्याला 'जगत्' म्हटलं ते आपलं जगसुद्धा याच कुळातलं. दारातल्या पायपुसण्यावर 'वेलकम' लिहिलेलं असतं, तिथे पाय पुसताना ही सोयरीक लक्षात असू द्यावी.

(आपला संस्कृत 'गो' म्हणजे गाय. यास्काने निरुक्तात तिचा संबंध जाण्याशी लावला आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ तिला इंग्रजी 'काऊ'शी जोडतात. आणि कोकणात आणि गोव्यात 'काय गो बाय?' म्हणतात, त्या 'गो'चा यातल्या कशाशीच संबंध नाही. तो विषय इथेच थांबवलेला बरा.)

तर जाण्याच्या क्रियापदाचं हे फुटकं घर फक्त आपलं आणि इंग्रजांचं नाही. फ्रेंचांनी तर तीन घरं एकत्र आणली आहेत: मी जातो ते 'व्हे', आपण जातो ते 'आलों', आणि मी जाईन ते 'इरे'. पोर्तुगीजांनी सगळ्यांवर कडी केली. त्यांच्याकडे 'तो गेला' म्हणजे 'फोय' आणि 'तो होता' म्हणजेही 'फोय'. जाण्याला भूतकाळ कमी पडला म्हणून त्यांनी तो थेट असण्याकडून आणला. साडेचार शतकं गोव्यात ही भाषा कारभार करत होती. तिथल्या पोर्तुगीज शाळांत शिकलेल्यांनी हे रूप घोटून घोटून पाठ केलं असणार. माणूस गेला म्हणजे माणूस होता! मृत्यूच्या बातमीत हा मजकूर मराठीला कितीही शब्द खर्चून इतका नेमका देता येणार नाही.

असं का होतं? भाषाशास्त्राचं उत्तर रुक्ष आहे, पण पटणारं आहे. जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात, ते मुलं नियम शिकायच्या आधीच जसेच्या तसे उचलतात. इंग्रज मूल तीन वर्षांचं झालं, की नियम सापडल्याच्या आनंदात 'गोड' म्हणू लागतं, म्हणजे 'गो'ला 'ड' लावतं. आपलंही मूल 'मी करलं' म्हणतंच. पण आजूबाजूला सगळे इतक्या वेळा 'वेंट' आणि 'केलं' म्हणत असतात, की ते पोर काही महिन्यांत शरण येतं. क्वचित वापरातल्या शब्दांना असा पाठिंबा नसतो; ते हळूहळू नियमात बसतात. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी याचा हिशेबच मांडला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. त्यांपैकी आज ९८ अनियमित उरली आहेत. जितका वापर जास्त, तितका वाकडेपणा टिकाऊ. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरली जाणारी दहाही क्रियापदं अनियमित आहेत, आणि 'गो' त्यात आहे. मराठीतही बघा: होणे-झाला, करणे-केला, मरणे-मेला, देणे-दिला. ज्यांच्यावाचून घर चालत नाही, त्यांच्या सवयी कुणी सुधारायला जात नाही.

'गॉन'ची एक निराळीच अडचण आहे. 'ही हॅज गॉन टु पुणे' म्हटलं तर तो अजून पुण्यातच आहे. पुण्याला जाऊन परत आला असेल, तर 'ही हॅज बीन टु पुणे' म्हणायचं. म्हणजे पोर्तुगीजांसारखंच इथेही असण्याचं क्रियापद जाण्याच्या मदतीला धावून आलं. आपल्याकडे ज्याने त्याने रजेच्या अर्जात 'आय हॅड गॉन टु नेटिव्ह प्लेस' असं लिहिलं, त्याचं मूळ इथे आहे. मराठीत हा फरक आपण इतक्या सहज करतो की तो करतोय हेही कळत नाही. 'साहेब पुण्याला गेलेत' म्हटलं की आज खुर्ची रिकामी. 'साहेब पुण्याला गेले होते' म्हटलं की साहेब आतल्या केबिनमध्ये आहेत, आवाज हळू. तो सगळा फरक त्या 'होते'ने केला. 'गॉन'च्या जागी 'बीन' घालणारा इंग्रज तेच करतो आहे.

आता अर्थांकडे वळू. आणि इथे 'गो' जे करतो त्याला तोड नाही. गजराचं घड्याळ 'गो ऑफ' होतं म्हणजे वाजू लागतं. दिवे 'गो ऑफ' होतात म्हणजे विझतात. दूध 'गो ऑफ' होतं म्हणजे नासतं. बॉम्ब 'गो ऑफ' झाला, तर वरच्या तिन्ही गोष्टींची चौकशी करायला कुणी उरत नाही. एकाच जोडशब्दाने सुरू होणंही दाखवायचं आणि बंद होणंही, हे इंग्रजीला जमतं. परक्याला मात्र कुठल्या खोलीत काय 'गो ऑफ' झालं, हे आधी बघून यावं लागतं. 'लाइट गेले' एवढं एक मात्र आपलं त्यांच्याशी जुळतं. वीज मंडळ स्थापन झाल्यापासून हे वाक्य मराठीत पक्कं रुजलं आहे.

ईव्ह क्लार्क या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७४ साली एक नाजूक गोष्ट दाखवून दिली. इंग्रजीत बिघडायचं असलं की 'गो' आणि सुधारायचं असलं की 'कम'. माणूस वेडा होतो ते 'गो मॅड', टक्कल पडतं ते 'गो बॉल्ड', काम फसतं ते 'गो राँग'. पण स्वप्न खरं होतं ते 'कम ट्रू'. नेहमीची, चांगली स्थिती म्हणजे आपलं घर. तिथून बाहेर पडणं म्हणजे जाणं आणि परतणं म्हणजे येणं. हे वाचल्यावर मी मराठीत शोधत बसलो. शुद्ध जाते, शुद्ध येते, तोल जातो, पत जाते, नोकरी जाते, जीव जातो. इथवर जमलं. पुढे मात्र सगळं उलटं. आपल्याकडे राग येतो, कंटाळा येतो, ताप येतो, झोप येते, वीट येतो, संकट येतं, आणि वर पाहुणेही येतात. इंग्रज माणूस स्वतः उठून वेडाकडे जातो. मराठी माणूस आपल्या जागी बसलेला असतो आणि वेड येऊन त्याला लागतं. तक्रार अशी, की आम्ही कुठे गेलोच नव्हतो, हे सगळं आमच्याकडे आलं. आमच्या स्वभावाचं याहून बरं वर्णन व्याकरणाला करता आलं नसतं.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा न ठरवता एकाच वाटेने गेल्या आहेत. एखाद्या बाईला सहावा महिना असला, की इंग्लंडात 'शी इज सिक्स मंथ्स गॉन' म्हणतात. आपल्याकडे 'तिला दिवस गेलेत'. एक जीव येणार आहे आणि दोघांनाही क्रियापद सुचलं ते जाण्याचंच! इंग्रजीतला 'अगो', म्हणजे पूर्वी, हाही मुळात 'अगॉन', निघून गेलेला. 'दोन वर्षं गेली' म्हणताना आपण वेगळं काय म्हणतो?

आणि भविष्यकाळ. 'आय ॲम गोइंग टु ईट' यात कुणी कुठे जात नसतं. तो टेबलापाशी बसलेला असतो. पूर्वी खरोखरच जाणं अभिप्रेत होतं: तो राजाला भेटायला जातो आहे. मग चालणं गळून गेलं, हेतू तेवढा राहिला, आणि आता तर घाईत त्याचं 'गॉना' झालं आहे. हे परकं वाटत असेल तर 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' आठवावं. यात जाणारा मूर्तिकार कुठे गेला होता? तो जागचा हललेला नाही. त्याचा बेत गेला होता.

'गो'च्या भाऊबंदांत एक नाव आपल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतं. जुन्या इंग्रजीत जाण्यालाच 'गँग' असाही शब्द होता. स्कॉटलंडमध्ये तो अजून आहे. 'गँग' म्हणजे जाणं, मग एकत्र जाणारे, मग कामकऱ्यांची तुकडी, आणि शेवटी टोळी. बोटीवरचा 'गँगवे' म्हणजे जायची वाट. रेल्वेने हा शब्द आपल्याकडे रुळांबरोबर आणला. बोरघाटात आणि कसाऱ्याला भर पावसात हातोडा घेऊन रूळ तपासत चालणारा गँगमन हा या शब्दाचा खरा वारस आहे, कारण तो खरंच चालतो. मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांनी 'गँगवॉर' आणलं, आणि वारसा भलत्याच्या नावावर चढला. माझं मत विचाराल तर रेल्वेने त्या माणसाचं पदनाम बदलून 'ट्रॅकमन' करायला नको होतं.

२०१३ साली 'गो गोवा गॉन' नावाचा एक हिंदी सिनेमा आला होता. सिनेमाचं राहू द्या. पण ज्याने नाव ठेवलं त्याने तक्त्यातला बरोबर तोच मधला रकाना काढला जो घरचा नव्हता, आणि तिथे गोवा बसवला. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष काम!

राहता राहिला या क्रियापदाचा आज्ञार्थ. तो भारताने इंग्रजांना त्यांच्याच भाषेत, मुंबईत ऐकवला. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सर जॉन सायमन यांचं कमिशन मुंबईला बोटीतून उतरलं. सात सदस्य, सातही इंग्रज, आणि काम भारताच्या राज्यघटनेचा विचार करण्याचं. त्यांच्या स्वागताला घोषणा होती 'सायमन, गो बॅक'. ती युसूफ मेहेरअली यांची मानली जाते. १९४२ची 'क्विट इंडिया'ही त्यांचीच म्हणतात. ऑगस्टमध्ये गवालिया टँक मैदानावर ती दुमदुमली, तेव्हा मेहेरअली मुंबईचे महापौर होते. 'क्विट' हा इंग्रजीत 'क्वाएट'चा भाऊ, लॅटिन मुळाचा, कोर्टकचेरीत वावरलेला शब्द. मराठीने त्याला बाजूला ठेवून त्या चळवळीचं नाव ठेवलं 'चले जाव'. पुन्हा जाण्याचंच क्रियापद, तेही हिंदीतून मागून आणलेलं. आपला 'निघून जा' त्या कामाला मऊ वाटला असावा.

सायमन त्या वेळी 'बॅक' गेले, पण बाकीच्या इंग्रजांचं अडून बसणं चालूच राहिलं. त्या सात जणांत क्लेमंट ॲटली नावाचे मजूर पक्षाचे एक खासदार होते. काळे झेंडे आणि 'गो बॅक' त्यांनीही ऐकलं होतं. १९४७ साली इंग्लंडच्या पंतप्रधानपदावर हेच ॲटली होते आणि जाण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारने घेतला. पंचम जॉर्ज १९११ साली अपोलो बंदरावर आला, त्या येण्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधला होता. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, स्वतंत्र भारतातलं शेवटचं ब्रिटिश पायदळ, त्याच कमानीखालून बोटीकडे गेली. मुंबईत म्हटलेल्या 'गो'चा मुंबईतच 'वेंट' व्हायला २० वर्षं आणि २५ दिवस लागले.